जिनिव्हाच्या वाटेवर महाड लागतं

दोस्तांनो, आमच्या खोपोलीत सध्या एक भांडण चालू आहे.

वस्तीतली एक पोरगी एलएलबी झाली. आता तिला पुढे एलएलएम करायचंय, विषय मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय कायदा. बाप कारखान्यात कंत्राटी, आई चार घरची धुणीभांडी करते. घरचे म्हणतात, सनद घे, कोर्टात उभी राहा, दोन पैसे घरात येऊ देत. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. रिकाम्या डब्याशी वाद घालता येत नाही. माझं भांडण चळवळीतल्या दोस्तांशी आहे. ते म्हणतात, मानवी हक्क हे गोऱ्यांचं थेर आहे, युनो ही अमेरिकेची बटीक आहे, जिनिव्हाच्या गालिच्यावर आपल्या पोरीचं काय काम? अत्याचार झाला की रस्त्यावर उतरायचं, खलास.

मी मॅट्रिक. गोदीत बोजे उचलतो, रात्री कविता लिहितो. लॉ कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. तरी या भांडणात मी पोरीच्या बाजूने उभा आहे, आणि का ते इथे चारचौघांत मांडतो.

पहिली गोष्ट. मानवी हक्क गोऱ्यांनी शोधले हे आपल्याला सांगितलं कोणी? गोऱ्यांच्याच पुस्तकांनी. तो इतिहास मॅग्ना कार्टापासून सुरू होतो, मग १७७६ ची अमेरिका, १७८९ चा फ्रान्स, मग दुसरं महायुद्ध, आणि १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा. मधे कुठे गावकुसाबाहेरचा माणूस दिसत नाही. आणि आपले बंडखोर दोस्त तीच वंशावळ निमूट कबूल करतात, फक्त वर एक शिवी घालतात. शिवी घातली म्हणून गुलामी कमी होत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. तेव्हा याला कुलाबा जिल्हा म्हणत. खोपोलीहून पालीच्या रस्त्याने दक्षिणेला उतरत गेलं की पुढे महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. हे आपल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तेही पाठ. पण त्याच परिषदेत आणखी एक काम झालं ते आपण विसरतो. तिथे जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मांडून ठराव केला गेला. जन्माला येताना सगळे समान दर्जाचे आणि मरेपर्यंत तो दर्जा कोणी काढून घेऊ शकत नाही, असा त्याचा आशय. बाबासाहेबांनी भाषणात त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. म्हणजे आपण काय करतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. जग मोजून, जगाच्या बरोबरीने ते बोलत होते.

पॅरिसच्या आधी जवळजवळ एकवीस वर्षं. आणि मांडला कोणी? ज्यांच्या हातांनी पाणी बाटतं असं म्हणत होते त्यांनी. तेव्हा मानवी हक्क आपल्याला कोणी दान दिलेले नाहीत. आपण या कायद्याचे याचक नाही, मूळ मालकांपैकी आहोत. मालकाने आपलं शेत बघायला जाऊ नये, हे कुठलं तत्त्वज्ञान?

दुसरी गोष्ट, रस्ता की कायदा? महाडनेच याचं उत्तर दिलंय. डिसेंबर १९२७ मध्ये हजारो माणसं जमली होती ती तळ्यावर जायला. पण सवर्णांनी आधीच दावा ठोकून कोर्टाची तात्पुरती मनाई आणली होती. रात्रभर चर्चा झाल्या. शेवटी मिरवणूक निघाली, पाण्याला हात लावला नाही, आणि मग बाबासाहेबांनी तो दावा जवळजवळ दहा वर्षं लढवला. खालच्या कोर्टातून मुंबई हायकोर्टापर्यंत. सवर्णांचं म्हणणं एवढंच की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देणं ही अनादि काळापासूनची रूढी आहे. कायदा विचारतो, अनादि म्हणजे कधीपासून? दाखवा पुरावा. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे ती अनादि रूढी सिद्ध झाली नाही आणि दावा पडला. हजारो वर्षांची मिजास एका पुराव्याच्या प्रश्नावर आडवी झाली. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन बंदी आली की तिथे कोणाला जातीवरून अडवायचं नाही. त्या कलमातल्या ‘तळी’ या शब्दात मला चवदार तळ्याचं पाणी हलताना दिसतं.

रस्त्यावरच्या पावलांनी प्रश्न उभा केला, कोर्टातल्या वकिलाने तो जिंकला. एकाला वगळून दुसऱ्याची आरती ओवाळणारा माणूस महाड अर्धंच वाचतो. लांब कशाला जायचं. २० मार्च २०१८, महाडचाच दिवस, सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट केली. अटकेआधी परवानगी घ्या, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करा. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसं रस्त्यावर मेली. मग ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८ अ हे कलम घालून ती धार परत लावली, आणि १० फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते कलम उचलून धरलं. रस्त्यावर रक्त सांडलं म्हणून संसद हलली हे खरं. पण १८ अ मध्ये नेमकं काय लिहायचं हे दगडाला कळत नाही, त्याला लिहिणारा लागतो. आणि जो लिहितो तो आपला नसेल तर तो स्वल्पविरामातसुद्धा आपला गळा कापतो.

तिसरी गोष्ट, आंतरराष्ट्रीय कशाला? आपल्या घटनेत सगळं आहे ना? आहे. पण बाबासाहेबांनी स्वतः या वाटेकडे पाहिलं होतं. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेने युनोकडे अर्ज केला. ते कळताच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या काळ्यांच्या थोर विचारवंताला पत्र लिहिलं. तुमची आणि आमची स्थिती सारखी आहे, आम्हीही त्या वाटेचा विचार करतोय, त्या अर्जाच्या प्रती मला पाठवा. ड्यू बॉईसचं आपुलकीचं उत्तरही आलं. ज्या माणसाला दोन वर्षांत देशाची घटना लिहायला बसायचं होतं, तो त्याआधी जगाच्या दाराची कडी कशी वाजवायची याची चौकशी करत होता. आपल्या पोरांनी १९७२ ला ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं तेव्हा आपण त्याच पत्रव्यवहाराचं पुढचं पान लिहिलं. आता त्याच वाटेवर एक पोरगी पुस्तक घेऊन निघाली तर ती परकी?

आता एका शब्दाची गोष्ट सांगतो. ही तिनेच आमच्या अभ्यासवर्गात दोन रविवार घेऊन समजावली, मी तिच्या वहीतून उतरवून घेतली.

१९६५ साली युनोने वंशभेदाचे सर्व प्रकार नष्ट करण्याचा करार केला. वंशभेद म्हणजे काय, ते पहिल्याच कलमात आहे. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेद. यातला कूळ, इंग्रजीत डिसेंट, म्हणजे ज्या पोटी जन्मलो ते. हा शब्द तिथे कोणी घातला? भारत सरकारच्या प्रतिनिधींनी. १९६८ साली भारताने करार मान्यही केला. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांना झोडपताना आपल्या साहेबांची छाती केवढी फुगत होती! मग १९९६ साली हा करार पाळला जातो की नाही ते बघणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीपुढे भारताचा अहवाल गेला. समितीने विचारलं, जातीचं काय? सरकार म्हणालं, जात या करारात बसत नाही. समितीने ते मानलं नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. आपले लोक तिथे गेले, जात विषयपत्रिकेवर घ्या म्हणून ओरडले. सरकारने सगळी ताकद लावून जात बाहेर ठेवली. पण पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, समितीने आपली एकोणतिसावी सर्वसाधारण शिफारस काढली आणि लिहून टाकलं की कूळ या शब्दात जात येते.

एवढ्यावर संपलं नाही. २७ डिसेंबर २००६ ला दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाशी केली. आपण टाळ्या वाजवल्या. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, त्याच सरकारचे प्रतिनिधी जिनिव्हात म्हणाले, जातीचा आणि वंशभेदाच्या कराराचा संबंध नाही. घरात एक जीभ, बाहेर दुसरी. आता मला सांगा, ही दुसरी जीभ ऐकायला, पकडायला, टिपून घ्यायला त्या हॉलमध्ये आपलं माणूस नको? रस्त्यावरची घोषणा कितीही मोठी असली तरी जिनिव्हाच्या त्या खोलीत ऐकू जात नाही. तिथे कागद बोलतो. आणि कागदाला कागदच अडवतो.

पण मी कोणाला गंडवणार नाही. या कायद्याचे हातपाय बांधलेले आहेत हेही सांगितलं पाहिजे. खोपोलीच्या माणसाला या करारांखाली एकट्याने समितीकडे तक्रार करता येत नाही. कारण तशी परवानगी देणारी कलमं आणि जोडकरार भारताने स्वीकारलेलेच नाहीत. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ ला सही केली, पण अजून मान्यता दिलेली नाही. संघटना बांधण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्काचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव आजही भारताने मान्य केलेले नाहीत. गोदीतल्या माझ्यासारख्या कंत्राटी माणसाने युनियनचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी हजेरीतून त्याचं नाव का उडतं, याचं एक कारण मला त्या वहीत सापडलं. जाहीरनाम्याच्या तेविसाव्या कलमात युनियनचा हक्क सोन्यासारखा लिहिलाय. जाहीरनामा हा निर्धार आहे, ठराव मान्य केला की बंधन येतं. कुठला कागद हसायचा आणि कुठला चावायचा, हा फरक शिकल्याशिवाय कळत नाही. म्हणून शिकायचं.

चावणारे कागदही आहेत. १९९२ मध्ये राजस्थानात भंवरी देवी या कुंभार समाजातल्या कार्यकर्तीने बालविवाह रोखायला गेल्याची किंमत मोजली, तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ ला खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण त्याच प्रकरणातून विशाखा खटला उभा राहिला. १९९७ ला सुप्रीम कोर्टाने, आपल्याकडे कायदा नव्हता तरी, स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. देशभरच्या बायांना नियम मिळाले, भंवरीला न्याय मिळाला नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही शिकवलं पाहिजे.

आता हे सगळं खोपोलीच्या मातीत उतरवून बघू.

आमचं गाव म्हणजे घाटाच्या पायथ्याचं. १९१५ साली वरच्या तलावांचं पाणी इथे खाली आणून वीज केली आणि ती मुंबईला गेली. मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पाणी आमच्या डोक्यावरचं, उजेड दुसऱ्याच्या घरात. हक्कांचं नेमकं उलटं झालंय. ते जिनिव्हात, दिल्लीत, मुंबईत तयार होतात, आणि खाली खोपोलीपर्यंत त्यांची तार कोणी ओढलेली नाही.

खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांवर जा. पावसाळा संपला की मुकादम येतो, उचल देतो, कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं. हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपतो, उचल फिटत नाही. याला गावात ‘रिवाज’ म्हणतात. कायद्यात याचं नाव वेगळं आहे. जाहीरनाम्याचं चौथं कलम गुलामीला बंदी करतं. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय ठराव भारताने १९५४ ला मान्य केला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. आणि १९८२ ला, दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू असताना, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, तिला घटनेच्या तेविसाव्या कलमाची बंदी आहे. चार कागद आहेत, दोस्तांनो! पण भट्टीवरच्या माणसापर्यंत एकही पोचलेला नाही. ‘रिवाज’ हा शब्द ऐकला की मला महाडची ‘अनादि रूढी’ आठवते. तिला बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न इथेही विचारायचाय. कधीपासून? दाखव ती वही.

आणि इर्शाळवाडी. आपल्याच तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसं अंधारात, चिखलात, पायी चढली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबला. पेपरात आलं, निसर्गाचा कोप. डोंगर कोसळणं निसर्गाचं असेल, पण माणसं तिथे बिनरस्त्याची, बिनसुरक्षित का राहत होती हा निसर्गाचा प्रश्न नाही. आर्थिक, सामाजिक हक्कांच्या करारात पुरेशा निवाऱ्याचा हक्क अकराव्या कलमात आहे, आणि भारत १९७९ पासून त्या करारात आहे. दया म्हणून घर देणं आणि देणं लागतो म्हणून घर देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दया मागणारा वाकतो. देणं मागणारा हिशेब विचारतो. आपल्या माणसाला वाकण्यापासून सोडवणं हीच चळवळ ना?

प्रस्थापितांना या शिक्षणाची भीती वाटते याचाही पुरावा देतो. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर यांच्या मुलांसाठी. २०२२-२३ च्या नियमांत तिच्यात एक ओळ घुसवली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय घेतले तर शिष्यवृत्ती नाही. म्हणजे बाहेर जा, मशीन शिक, पैसा शिक, पण तुझ्या आज्याच्या गळ्यातल्या मडक्यावर जगाच्या विद्यापीठात अभ्यास करू नकोस. कोलंबियात १९१६ साली जातींच्या उगमावर निबंध वाचणारा तरुण भीमराव या नियमाखाली घरीच बसला असता. आणि इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा होते इंग्रजीत, फी लाखांत. दाराला कुलूप कशाला लावायचं, पायरीच उंच करायची.

तेव्हा दोस्तांनो, दार बंद करणाऱ्यांच्या बाजूने आपण उभं राहायचं नाही. पोरगी जाते म्हणते, तिला जाऊ द्या म्हणण्यात काय उपकार? तिच्यासाठी वर्गणी काढा. तिच्या घरातला चुलीचा प्रश्न चळवळीचा प्रश्न माना.

मात्र जाणाऱ्यांनाही चार शब्द ऐकावे लागतील. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं होतं, ते आपल्या पिढीलाही लागू आहे. मानवी हक्क हा आता धंदाही झालाय. विमानाने जायचं, दलितांच्या दुःखाचा अहवाल गुळगुळीत कागदावर छापायचा, हॉटेलात चर्चासत्र करायचं आणि पुढच्या निधीचा अर्ज भरायचा. भट्टीवरची बाई त्या अहवालात फोटो म्हणून येते, माणूस म्हणून नाही. हे करायचं असेल तर बाई, तू खुशाल कॉर्पोरेट वकील हो, निदान ते उघड असेल.

मला हवंय ते वेगळं. दर रविवारी विहारात अभ्यासवर्ग. करार, शिफारशी, निकाल मराठीत आले पाहिजेत, आपल्या मराठीत, भट्टीवरच्या बाईला वाचून दाखवता येतील असे. या अंकाची पानं त्यासाठी मोकळी करा, एक कविता कमी छापा, माझी काढा. घटना घडली की टिपण कसं करायचं ते दहा पोरांना शिकवा. तारीख, जागा, कोण, काय बोलला, कुठली जात काढली, गुन्हा किती दिवसांनी नोंदला. १९९३ च्या मानवी हक्क कायद्याखाली घटनेला एक वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, हे आपल्या किती जणांना ठाऊक आहे? अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची तीन महिन्यांतून निदान एकदा बैठक व्हायला हवी. अलिबागला जाऊन तिच्या बैठकांची कागदपत्रं कोण मागणार? युनोच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाची ठरावीक वर्षांनी झडती होते. भारताची २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ ला झाली. त्या झडतीसाठी देशातल्या संघटनांनाही आपलं म्हणणं लेखी पाठवता येतं. पुढच्या झडतीत खालापूर तालुक्याचं नाव असलं पाहिजे, आणि तो कागद आपल्या पोरांनी लिहिलेला असला पाहिजे.

आणि विद्यापीठांकडे एक मागणी. मानवी हक्कांच्या पेपरात १७८९ नंतर थेट १९४८ वर उडी मारू नका. मधे १९२७ आहे. महाडचा जाहीरनामा आणि १९३७ चा निकाल अभ्यासक्रमात लावा. तळटीप म्हणून नाही, पहिल्या धड्यात. तुमच्या कायद्याची पुस्तकं तळ्याकाठी जन्मली नसतील, पण त्यांच्यातला माणूस हा शब्द तिथेच खरा झाला.

हे जोवर होत नाही तोवर आपण वर्गाबाहेर ओरडू, वर्गात बसू आणि परीक्षाही देऊ. एकाच वेळी. जयभीम.